फ्लॉरेन्सचा ब्रुनेलेस्की पास: तीस युरोंत काय मिळते, काय राहते

फ्लॉरेन्समध्ये उतरलेल्या माणसाची पहिली गाठ सान्ता मारिया देल फ्योरे या कॅथेड्रलशी पडते आणि दुसरी तिथल्या तिकिटांच्या कोड्याशी. कॅथेड्रलच्या आत जायला पैसे पडत नाहीत. त्याचा घुमट, शेजारचा घंटामनोरा, समोरचे अष्टकोनी बाप्तिस्मागृह, फरशीखाली सापडलेले सान्ता रेपाराता या जुन्या चर्चचे अवशेष आणि मागच्या बाजूचे संग्रहालय यांना मात्र तिकीट आहे आणि ते तीन प्रकारच्या पासांच्या रूपात विकले जाते. मी गेले तेव्हा संग्रहालय, बाप्तिस्मागृह आणि सान्ता रेपाराता दाखवणारा गिबेर्ती पास 15 युरोंना होता, त्यात घंटामनोऱ्याची भर घालणारा जोत्तो पास 20 युरोंना, आणि घुमटासकट सगळे पाहू देणारा, घुमट बांधणाऱ्या वास्तुकाराच्या नावाचा ब्रुनेलेस्की पास 30 युरोंना. तीस युरो म्हणजे आपले जवळपास तीन हजार रुपये. सामायिक खोलीत राहून आणि दुपारचे जेवण पाव-चीजवर भागवून युरोप पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही रक्कम जाणवते, म्हणून या पासाबद्दल सविस्तर लिहीत आहे. मी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. छायाचित्रे किती सुंदर येतात यापेक्षा बांधकाम किती समजते, या अपेक्षेने मी तो घेतला होता.

आधी सवलतींविषयी, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा यात हमखास गोंधळ होतो. उफीत्सी, अकादेमिया, बार्जेल्लो ही इटलीच्या सरकारी मालकीची संग्रहालये आहेत. तिथे 18 ते 25 वयाच्या तरुणांना दोन युरोंत मिळणारा प्रवेश युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रावर तो मिळत नाही. मात्र युरोपीय संघातील एखाद्या विद्यापीठात वास्तुकला किंवा कलेतिहास यांसारख्या शाखेत रीतसर नाव नोंदवलेले असेल, तर सरकारी संग्रहालयांत विनामूल्य प्रवेशाची तरतूद आहे. मिलान किंवा डेल्फ्टला शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी नावनोंदणीचा कागद जवळ ठेवावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही संग्रहालये सर्वांनाच मोफत असतात, आणि त्या दिवशी रांगही तशीच असते. कॅथेड्रलच्या वास्तू या कशातच बसत नाहीत. त्यांची मालकी आणि देखभाल ओपेरा दि सान्ता मारिया देल फ्योरे या संस्थेकडे आहे, जी कॅथेड्रलच्या बांधकामासाठी 1296 मध्येच स्थापन झाली आणि आजही तेच काम करते. त्यामुळे सरकारी सवलत इथे लागू होत नाही, पहिला रविवारही नाही, आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यालाही पूर्ण पैसे मोजावे लागतात.

पासाची मुदत तीन दिवसांची असते आणि प्रत्येक वास्तूत एकदाच जाता येते. घुमटाची तारीख आणि वेळ तिकीट काढतानाच ठरवावी लागते, त्यामुळे गर्दीच्या महिन्यांत बाकीचा सगळा कार्यक्रम त्या एका वेळेभोवती आखणे भाग पडते. मोठ्या पिशव्या घेऊन घुमटावर किंवा मनोऱ्यावर सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. संग्रहालय महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बंद असते, तेव्हा तीन दिवस निवडताना दिनदर्शिका पाहून घ्यावी. पास संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावा, हे मी आग्रहाने सांगेन. शोध घेतल्यावर सर्वांत वर दिसणाऱ्या अनेक मध्यस्थ स्थळांवर तोच पास ‘रांग टाळा’ असे सांगून बराच चढ्या दराने विकला जातो. घुमटाची वेळ आरक्षित असतेच, त्यामुळे ती रांग तशीही फारशी नसते, आणि सुरक्षातपासणीची रांग कोणत्याही दराच्या तिकिटाने टळत नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लोक हा पास घुमट चढण्यासाठी घेतात आणि वेळ उरला तर संग्रहालयात डोकावतात. विद्यार्थ्याने हा क्रम उलटा करावा असे माझे ठाम मत आहे. पहिला दिवस संग्रहालयाला द्यावा आणि घुमट शेवटी ठेवावा. संग्रहालय न पाहता घुमट चढलो तर अंधाऱ्या अरुंद जिन्यातून धापा टाकत वर जाणे आणि लाल कौलांचे शहर पाहून खाली येणे, एवढेच पदरात पडते.

2015 मध्ये नव्याने उघडलेल्या या संग्रहालयाचे पहिले मोठे दालनच थक्क करते. आज चौकातून दिसणारा कॅथेड्रलचा दर्शनी भाग हा एमिलिओ दे फाब्रिस याच्या आराखड्यावरून उभारलेला आणि 1887 मध्ये पुरा झालेला, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या वयाचा आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. आर्नोल्फो दि काम्बियोने आखलेला मध्ययुगीन दर्शनी भाग निम्म्याच्या आसपास उंचीपर्यंत चढून अर्धवट राहिला आणि 1587 मध्ये तो पाडून टाकण्यात आला. त्यावरचे पुतळे इतस्ततः विखुरले. संग्रहालयाने त्या पाडलेल्या भागाची पूर्ण आकारातली प्रतिकृती दालनाच्या एका भिंतीला उभी केली आहे, वाचलेले पुतळे त्यांच्या मूळ जागांच्या अंदाजाने मांडले आहेत आणि बरोबर समोर बाप्तिस्मागृहाची कांस्य दारे ठेवली आहेत. सातशे वर्षांपूर्वी चौकात उभ्या असणाऱ्या माणसाच्या एका बाजूला कॅथेड्रल आणि दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मागृह असे, तेच नाते छताखाली पुन्हा जुळवले आहे. शिल्प आणि इमारत यांचा संबंध समजावून सांगण्याची इतकी चांगली मांडणी मी अन्यत्र पाहिलेली नाही. दोनातेल्लोने या दर्शनी भागासाठी कोरलेला सेंट जॉनचा बैठा पुतळा समोरून पाहिला तर धड जरा जास्त लांब वाटते. थोडे खाली वाकून पाहिले की प्रमाण जागेवर येते, कारण तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर बसणार हे शिल्पकाराने आधीच धरले होते. मी वाकून पाहत असताना मागे उभे असलेले एक वयस्क गृहस्थही वाकून पाहू लागले आणि आम्ही दोघेही हसलो.

लोरेन्झो गिबेर्तीने 1425 ते 1452 या काळात घडवलेले दहा सोनेरी चौकटींचे दार आता काचेच्या पेटीत, नियंत्रित हवेत ठेवलेले आहे. 4 नोव्हेंबर 1966 च्या आर्नो नदीच्या महापुरात त्याच्या काही चौकटी निखळून पडल्या होत्या. दुरुस्ती दीर्घकाळ चालली, 1990 मध्ये मूळ दार काढून जागेवर प्रतिकृती बसवली गेली आणि 2012 पासून मूळ दार संग्रहालयात पाहायला मिळू लागले. चौकात प्रतिकृतीसमोर मोबाइल उंचावून उभी असलेली गर्दी आणि इथे खऱ्या दारासमोर निवांत बसायला मिळणारे बाक, ही तफावत पाहून पासाचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाल्यासारखे वाटले. गिबेर्तीने त्याआधी केलेल्या उत्तरेच्या दारात अठ्ठावीस छोट्या चौकटी आहेत, या दारात फक्त दहा मोठ्या. एका चौकटीत एकाहून अधिक प्रसंग, मागे इमारती, त्यांच्या कमानी दूर जात लहान होत गेलेल्या आणि उठाव हळूहळू इतका पातळ होत गेलेला की शेवटची माणसे जवळपास रेखाटनच उरतात. यथार्थदर्शन हा विषय आम्ही पहिल्या वर्षात टी-स्क्वेअर घेऊन शिकतो. तो कांस्यात कसा उतरला हे पाहायचे तर दोन्ही दारांसमोर आळीपाळीने उभे राहावे.

मायकेलँजेलोने वयाच्या सत्तरीत, स्वतःच्या थडग्यासाठी सुरू केलेली आणि नंतर वैतागून हातोड्याने फोडलेली पिएता (मृत ख्रिस्त आणि शोकाकुल मेरी यांचे शिल्प) याच इमारतीत आहे. 2021 मध्ये पुरी झालेल्या स्वच्छतेनंतर तिचा दगड मूळच्या रंगावर आला आहे, आणि तो कारारा गावच्या खाणीतला नसून सेरावेत्साच्या खाणीतला आहे हेही त्या वेळी सिद्ध झाले. दोनातेल्लोची लाकडात कोरलेली कृश मेरी मॅग्डालीन पाहून पुढच्या दालनाकडे लगेच वळता येत नाही. घंटामनोऱ्याच्या पायथ्याची मूळ षट्कोनी शिल्पेही इथेच आहेत. त्यांत विणकाम, नांगरणी, वैद्यकी, नौकानयन आणि बांधकाम असे उद्योग कोरलेले आहेत. भिंत रचणारे गवंडी कॅथेड्रलच्या भिंतीवर मानाने विराजमान झालेले पाहून मला, उद्या साइटवर उभे राहायचे आहे म्हणून असेल, विशेष आनंद झाला.

घुमटाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे दालन ब्रुनेलेस्कीचे. लाकडी नमुने, बांधकामातील अवजारे, उचलयंत्रांचे भाग आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचा मृत्यूनंतर घेतलेला मुखवटा असे साहित्य इथे आहे. प्रश्न काय होता हे इथे नीट कळते. चौदाव्या शतकातच कॅथेड्रलचा आराखडा एवढा मोठा ठरवून बसले होते की सुमारे 45 मीटर रुंदीची अष्टकोनी पोकळी झाकायची होती, आणि ती कशी झाकायची हे कोणालाच माहीत नव्हते. एरवी कमान किंवा घुमट बांधताना खालून लाकडी सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधाराचा सांगाडा, उभारतात. इथे जमिनीपासून तेवढ्या उंचीचे आणि रुंदीचे सेंटरिंग करायला लाकूड आणणार कुठून? 1418 मध्ये स्पर्धा जाहीर झाली, 1420 मध्ये काम सुरू झाले आणि 1436 मध्ये, सेंटरिंगशिवाय, घुमट लँटर्नच्या, म्हणजे माथ्यावरच्या छोट्या मनोरीच्या, तळापर्यंत मिटला. एक जाड आतला आणि एक पातळ बाहेरचा असे दोन घुमट, त्यांना जोडणाऱ्या फासळ्या, आडवे दगडी साखळबंध आणि हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या तिरक्या) पद्धतीने लावलेल्या विटा या सगळ्यांचे नाते नमुन्यांसमोर उलगडते. संग्रहालयाच्या सर्वांत वरच्या गच्चीवरून खरा घुमट अगदी अंगावर आल्यासारखा दिसतो. नमुना पाहून लगेच तिथे जावे आणि वहीत एक छेदचित्र काढून ठेवावे. पुढे जिन्यात त्याचा फार उपयोग होतो.

आता प्रत्यक्ष घुमट. पायऱ्या 463, लिफ्ट नाही आणि मधूनच परत फिरणे अवघड. गुडघ्यांचा त्रास, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी ही चढाई टाळावी, आणि आईवडिलांसोबत जाणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावे. सकाळची पहिली वेळ मिळाली तर उत्तम, कारण तेव्हा जिन्यात मागून येणाऱ्यांचा रेटा कमी असतो आणि भिंतीशी थांबता येते. हा जिना पर्यटकांसाठी केलेला नाही. तो बांधकाम करणाऱ्यांनी स्वतःच्या ये-जा करण्यासाठी ठेवलेला मार्ग आहे, आणि आपण चाललो आहोत ती जागा म्हणजे दोन घुमटांमधली पोकळी आहे, हे लक्षात ठेवले की प्रत्येक वळण वाचता येते. सुरुवातीला भिंती सरळ असतात. पहिल्या सज्ज्यानंतर एक भिंत डोक्यावर झुकू लागते, म्हणजे घुमट सुरू झाला. ठिकठिकाणी उघड्या विटा दिसतात. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतराने उभी वीट येते आणि वरच्या थरात ती तिरकी सरकत जाते. चुना ओला असताना थराच्या विटा आत घसरू नयेत म्हणून या उभ्या विटा त्यांना अडवून धरतात आणि प्रत्येक थर पुरा होताच स्वतःचा भार स्वतः पेलणारे कडे बनते. पुस्तकातल्या आकृतीत हे अनेकदा पाहिले होते. तिथे हाताच्या अंतरावर पाहिल्यावर गवंड्याला कोणती वीट आधी लावावी लागली असेल, हा विचार प्रथमच मनात आला.

अष्टकोनी घुमट गोल घुमटासारखा आपोआप स्थिर राहत नाही, कारण कोपऱ्यांपाशी कडे तुटते. आतल्या घुमटाची जाडी एवढी ठेवली आहे की त्या जाडीत एक पूर्ण वर्तुळ बसते, आणि बांधताना याच वर्तुळाने घुमट तोलला, असे काही अभ्यासक मानतात. महाराष्ट्रातल्या वास्तुकला महाविद्यालयांच्या अभ्याससहली विजापूरला जातात, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याच्या मनात इथे तिथल्या ‘गोल घुमट’ या वास्तूशी तुलना येणारच. 1656 चा तो घुमट आतून साधारण 38 मीटर व्यासाचा, एकाच कवचाचा आहे, आणि चौरस दालनावर तो बसवण्यासाठी एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची युक्ती केली आहे. विजापूरला सगळी कमाल चौकोनातून वर्तुळाकडे जाण्यात आहे. फ्लॉरेन्सला अष्टकोन अष्टकोनच ठेवून तो मिटवण्यात. विजापूर आधी पाहिलेले असेल तर फ्लॉरेन्सचा घुमट दुप्पट समजतो, असे मी म्हणेन.

आतल्या सज्ज्यावरून वसारी आणि झुक्कारी यांचे अंतिम न्यायाचे भित्तिचित्र अगदी जवळून दिसते. 1572 ते 1579 या काळातल्या या चित्राबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. जमिनीवरून ते एकसंध वाटते, जवळून मात्र भल्यामोठ्या आकृत्यांचा कोलाहल होतो, आणि ब्रुनेलेस्कीचे विटांचे गणित त्याखाली पूर्ण झाकले जाते. वरच्या टप्प्यात जिना थेट आतल्या घुमटाच्या पाठीवरून चढतो. तो चांगलाच उभा आहे, आणि संरचनेचा उतार पायांना कळतो तो इथेच. माथ्यावरून दिसणाऱ्या दृश्याबद्दल लिहिण्याची गरज नाही, ते सर्वांनी लिहिले आहे.

एक गैरसोय मात्र सांगायला हवी: घुमटावरून घुमट दिसत नाही. त्यासाठी घंटामनोरा चढावा. 1334 मध्ये जोत्तोने सुरू केलेला, आंद्रेआ पिसानोने पुढे नेलेला आणि फ्रान्चेस्को तालेन्तीने 1359 मध्ये पुरा केलेला हा मनोरा 414 पायऱ्यांचा आहे. मध्ये विसाव्याचे टप्पे असल्याने तो घुमटापेक्षा सोपा जातो. वरचे मजले खालच्यापेक्षा मोठे ठेवले आहेत, त्यामुळे खालून पाहताना ते आखूड भासत नाहीत. घुमटाच्या फासळ्यांचे रेखाटन करायचे तर इथूनच. एका दिवशी दोन्ही चढू नयेत.

बाप्तिस्मागृहाबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. अकराव्या शतकात प्रतिष्ठापना झालेल्या या इमारतीच्या छतावरील मोझेइकच्या दुरुस्तीचे काम 2023 पासून सुरू असून आतला बराचसा भाग परांचीने व्यापलेला आहे. भिंतींवरची पांढऱ्या आणि हिरव्या संगमरवराची भौमितिक मांडणी बाहेरून नीट पाहता येते, आणि ब्रुनेलेस्कीच्या पिढीने प्रमाणबद्धता जिथून उचलली ती ही इमारत, एवढ्यासाठी पंधरा मिनिटे द्यावीत. सान्ता रेपाराताचे अवशेष ज्याला पुरातत्त्वाची गोडी आहे त्याच्यासाठी. बाकीच्यांनी ब्रुनेलेस्कीची कबर पाहून वर यावे. ती 1972 मध्ये सापडली.

पासाला ब्रुनेलेस्कीचे नाव असले तरी ब्रुनेलेस्की त्यात पुरा सापडत नाही. त्याने 1419 मध्ये हाती घेतलेल्या अनाथालयाची कमानींची ओवरी सान्तिसिमा अनुन्त्सियाता चौकात उभी आहे. ती पाहायला तिकीट नाही, आणि खांबांमधले अंतर, खांबांची उंची आणि ओवरीची खोली सारखी ठेवल्याने येणारी शांत लय मोजपट्टी घेऊन तपासता येते. त्याचेच सान लोरेन्झो चर्च आणि सान्ता क्रोचे चर्चच्या आवारातले पात्सी चॅपेल यांना वेगळे तिकीट लागते. नदीपलीकडचे सान्तो स्पिरितो चर्च मी कोणालाही चुकवू देणार नाही. घुमटात ब्रुनेलेस्की अभियंता म्हणून भेटतो. अवकाशाचा विचार करणारा वास्तुकार भेटतो तो या इमारतींत.

मराठी वाचकाला आणखी एक जागा सुचवते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये ऐन तारुण्यात वारले, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. कास्सिने बागेच्या पश्चिम टोकाला 1874 मध्ये उभारलेली त्यांची छत्री चार्ल्स मँट याच्या आराखड्याची आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटचा. युरोपीय वास्तुकाराने भारतीय वास्तुशैली इटलीत कशी वापरली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो. बागेत बरेच चालावे लागते, तेव्हा त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

ज्याला चढाई झेपते आणि बांधकाम समजून घ्यायचे आहे, त्याने तीस युरोंचा पास घ्यावा, पण तीनही दिवस वापरण्याची तयारी असेल तरच. एका दिवसात फ्लॉरेन्स उरकणाऱ्याला तो महाग पडेल. चढाई शक्य नसेल किंवा पैसे मोजके असतील, तर पंधरा युरोंचा गिबेर्ती पास घेऊन संग्रहालयात अख्खी सकाळ घालवावी आणि वाचलेल्या पैशांत बार्जेल्लोचे तिकीट काढावे. बाप्तिस्मागृहाच्या दाराचे काम कोणाला द्यायचे यासाठीच्या 1401 च्या स्पर्धेत गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की या दोघांनी घडवलेल्या, आयझॅकच्या बळीच्या दोन कांस्य चौकटी तिथे एकाच दालनात आहेत. ब्रुनेलेस्कीची चौकट अधिक नाट्यमय आहे, तर गिबेर्तीची बहुतांशी एकसंध ओतलेली आणि कमी कांस्य लागलेली. काम गिबेर्तीला मिळाले, आणि माझ्या मते परीक्षकांचा निर्णय बरोबर होता.